मावशींची लिंक

मावशी रफू करत. रफू म्हणजे ठिगळ नव्हे, हे त्या पहिल्याच भेटीत समोरच्याला ऐकवत, आणि ऐकवताना चेहरा असा करत की ठिगळ हा शब्द पुन्हा काढायची त्याची हिंमत होऊ नये. ठिगळ वरून लावतात. रफूला त्याच कपड्याच्या आतल्या शिलाईतून एकेक धागा उपसायचा आणि भोकाच्या जागी उभा-आडवा विणून कापड नव्यानं तयार करायचं. चांगला रफू दिसत नाही. मावशींचा तर शोधूनही सापडत नसे.

हातात एवढी कला असून त्यांना ओळखत मात्र कोणीच नव्हतं, कारण अर्धं आयुष्य त्यांनी लाँड्रीवाल्या शेठच्या तळघरात काढलं होतं. वर काउंटरवर शेठ कपडे घ्यायचा, खाली ट्यूबलाइटखाली मावशी ते दुरुस्त करायच्या. एकदा त्या चहाचे रिकामे कप घेऊन वर आल्या, तेव्हा शेठ एका गिऱ्हाइकाला मोठ्या झोकात सांगत होता, "आपल्याकडे रफूचं मशीन आहे, परदेशी!" मशीननं कप काउंटरवर ठेवले, चप्पल पायात सरकवली आणि जे घरी आलं ते पुन्हा तिकडे फिरकलं नाही.

घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत खिडकीशी टेबल, त्यावर भिंग लावलेला दिवा, सुया खोचलेली उशी आणि कापड ताणायला एक गुळगुळीत लाकडी अंडं. नवरा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीतून निवृत्त झालेला. सगळी इमारत त्याला काका म्हणे, म्हणून आपणही काका म्हणू. आता पोट भरायचं तर गिऱ्हाईक कुठून आणायचं हा प्रश्न होता, आणि तो सोडवला भाचीनं. ही मावशींच्या धाकट्या बहिणीची मुलगी. एका दवाखान्यात काउंटरवर बसायची आणि मोबाइलच्या बाबतीत तिचा शब्द घरात शेवटचा असायचा. कपडे कुरिअरनं मागवायचे आणि पैसे मोबाइलवरच्या लिंकनं घ्यायचे, असं तिनं सुचवलं.

"दुकान नाही, पाटी नाही, नोंदणी नाही. मला कोण पैसे पाठवणार?" मावशी म्हणाल्या.

"नोंदणी नसली तरी चालतं गं. हे बघ, इथं विचारलंय, कंपनी, भागीदारी की व्यक्ती? तू व्यक्ती."

"चला, तेवढी तरी आहे म्हणायची."

ओळखपत्राचा फोटो गेला, बँकेच्या पासबुकाचा गेला. शेवटी कर्मचारी किती असं विचारलं, तेव्हा भाची शून्य लिहायला लागली. मावशींनी तिचा हात धरला. "शून्य काय? मग हे सगळं भुतं करतात का? एक लिही." भाचीनं एक लिहिलं, आणि मावशींच्या नावानं पैसे घ्यायची लिंक तयार झाली. भाचीनं आधीचे-नंतरचे फोटो टाकायला सुरुवात केली, तसे लांबलांबहून कुरिअरनं कपडे यायला लागले. माणूस लिंकवर बोट लावायचा, कार्डाचा नंबर टाकायचा, आणि मावशींच्या फोनमधून टिंग असा आवाज यायचा. दोन दिवसांनी ते पैसे बँकेत, त्यांच्या स्वतःच्या नावावर. तळघरात एवढी वर्षं काढली, पण असा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. काका चिडवायचे, "तुझं लग्न माझ्याशी झालंय की त्या फोनशी?" मावशी म्हणायच्या, "फोन निदान वेळेवर उत्तर देतो."

अशात तो कोट आला. एका दूरच्या शहरातल्या शाळेत शिकवणाऱ्या बाईनं पाठवलेला, तिच्या वडिलांचा, जाड राखाडी लोकरीचा. उजव्या बाहीचं कोपर फाटलं होतं, तेवढं करून द्या, असं तिनं कळवलं होतं. मावशींनी फाटक्या बाहीचा फोटो काढला आणि कामाला बसल्या. बाही झक्क झाली. कोट घडी घालायला घेतला, तर पुढे डाव्या खिशाच्या वर त्यांना आणखी एक भोक दिसलं. वाटाण्याएवढं, कडा काळ्या पडलेल्या. कधीकाळी ठिणगी पडून जळलेलं.

भोक दिसलं की मावशींच्या हातांना खाज सुटे, त्याला इलाज नव्हता. जळकी कड कात्रीनं गोल कापली, धागे उपसले, आणि कोट खिडकीशी नेऊन उलटसुलट करून पाहिला, तर त्यांचं त्यांनाच सापडेना. त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत. बाईला कळवलंही नाही. उघडून बघेल आणि खूश होईल, एवढाच विचार. कोट गेला.

आठवड्यानं फोनवर टिंग वाजलं नाही, लिंकवाल्या कंपनीचा नुसता मेसेज आला. भाचीनं तो दोनदा वाचला आणि तिचा आवाज बदलला. "मावशी, गिऱ्हाइकानं तक्रार केलीय. पाठवलेली वस्तू परत मिळाली नाही, दुसरीच आली, म्हणून."

"कोणी?"

"कोटवाल्या बाईनं."

मावशी तीन ताड उडाल्या. दुसरीच? त्यांच्या घरात दुसरा कोट होता कुठे? काकांचा एकुलता एक कोट लग्नातला होता आणि आता तो काकांच्या एका खांद्यालाही पुरला नसता. पण मेसेज तेवढ्यावर थांबला नव्हता. खातं नोंदणी नसलेल्या व्यक्तीचं आहे, तेव्हा तक्रार मिटेपर्यंत सगळ्याच गिऱ्हाइकांचे पैसे अडकवून ठेवले आहेत. आठवड्याच्या आत पुरावा द्या, नाहीतर व्यवसाय नोंदणीची कागदपत्रं द्या. दोन्ही नसेल तर लिंक कायमची बंद.

नोंदणी करायची तर जागेचा कागद लागे. भाड्याचं घर, मालक खाली राहायचा, आणि इथं धंदा चालतो असं लिहून द्यायचं म्हटलं की त्याला एकदम ऐकू येईनासं व्हायचं. म्हणजे लिंक गेली की दूरची गिऱ्हाइकं गेली. जवळची सगळी शेठच्या काउंटरवर. मावशींना तळघराच्या पायऱ्या डोळ्यांसमोर दिसायला लागल्या.

पुरावा म्हणून त्यांनी बाहीचे दोन फोटो पाठवले, फाटकी आणि दुरुस्त. उत्तर आलं, दोन्ही फोटो एकाच वस्तूचे असल्याची खात्री पटत नाही, काम झाल्याची कोणतीही खूण दिसत नाही.

"खूण दिसत नाही म्हणजे काय! खूण दिसू नये म्हणून तर डोळे फोडून घेतले!" मावशी फोनवर ओरडल्या. फोनला काय, तो गप्प. मग भाचीनं मदतीचा नंबर लावून दिला. पलीकडचा मुलगा फार गोड बोलायचा. तुमची अडचण मी समजू शकतो मॅडम, असं तो प्रत्येक वाक्याआधी म्हणायचा आणि मग ती न समजता पुढे जायचा. "दुकानाच्या पाटीचा फोटो पाठवू शकाल का मॅडम?" मावशींनी विचारलं, "पाटी नाही. मी आहे, माझा पाठवू?" त्यावर त्यानं पुन्हा त्यांची अडचण समजून घेतली.

त्या दिवसापासून मावशींचा पाय एका जागी ठरेना. भरलेलं पाण्याचं पिंप भरायला जायच्या. लख्ख पुसलेला ओटा पुन्हा पुसायच्या. कामाला बसल्या की चार धाग्यांनंतर उठायच्या, फोन उघडायच्या, 'पडताळणी सुरू आहे' ही ओळ वाचायच्या, बंद करायच्या आणि खुर्चीत टेकायच्या आत परत उघडायच्या. एका शर्टाचे उभे धागे आडवे घातले आणि सगळं उसवावं लागलं. असं त्यांच्या हातून नवशिकी असतानाही झालं नव्हतं.

काका पेपरामागून बघत होते. "लिफ्ट अडकली की आतली माणसं हेच करतात. तेच बटण शंभरदा दाबतात."

"आणि बाहेरची माणसं पेपर वाचत बसतात," मावशी म्हणाल्या.

काकांनी पेपर खाली ठेवला. त्यांना लागलं होतं. उठून त्यांनी चहा टाकला, साखर विसरले, आणि दोघांनी तो तसाच प्यायला.

शेठला बातमी लागायला वेळ लागला नाही. जिने चढून धापा टाकत तो दारात उभा राहिला तेव्हा मावशींना आधी त्याचा राग आला आणि मग त्याच्या गुडघ्यांची कीव आली.

"बाई, भांडायला आलो नाही," तो खुर्चीत बसत म्हणाला. "माझी फर्म नोंदलेली आहे. लिंक माझ्या नावानं काढू. गिऱ्हाइकं तुमचीच. पैसे माझ्याकडे जमा होतील, दर आठवड्याला तुमचे तुम्हाला. तळघरात यायची गरज नाही, घरीच बसून करा. आता मी काय वाईट सांगतोय?"

"आणि नाव?"

"नाव फर्मचं. नावाचं काय घेऊन बसलात? नावानं पोट भरतं का?"

त्यानं सहीचा कागद टेबलावर, सुयांच्या उशीखाली सरकवला आणि निघाला. खरं सांगायचं तर तो वाईट सांगत नव्हता. मावशींना तेच सहन होत नव्हतं. वाईट सांगितलं असतं तर कागद फाडून त्याच्या अंगावर फेकता आला असता.

मुदत संपायच्या आदल्या दुपारी भाची सुट्टी घेऊन आली. मावशींनी मनाशी ठरवून टाकलं होतं. "मी त्या बाईला फोन करते."

"करू नकोस. कंपनीनं सांगितलंय, तक्रार चालू असताना गिऱ्हाइकाशी परस्पर बोलायचं नाही."

"कंपनीशी बोलून बघितलं ना? आता माणसाशी बोलते."

फोन लागला. पलीकडून मुलांचा गलका ऐकू येत होता, मग दार लागल्याचा आवाज झाला आणि शांतता. मावशींनी आपण कोण ते सांगितलं. बाईचा आवाज थंड होता. "माझ्या वडिलांचा कोट परत पाठवा, ताई. तुमच्याकडून चुकून अदलाबदल झाली असेल तर मी तक्रार लगेच मागे घेते. मला भांडायचं नाही. मला फक्त त्यांचा कोट हवाय."

"अहो, तोच आहे तो! देवाशप्पथ तोच आहे. माझ्याकडे दुसरा कोट आलाच नव्हता."

"तो नाही. बाबांच्या कोटाला पुढे, खिशाच्या वर, जळल्याचं भोक होतं. मी डोळे मिटूनसुद्धा ते शोधू शकते. या कोटाला ते नाही."

मावशींचा जीव भांड्यात पडला. त्या हसल्यासुद्धा. "एवढंच ना? ते मीच बुजवलं! त्याचे पैसेही नाही घेतले तुमच्याकडून. आता असं करा, कोट उलटा करा, त्या जागी अस्तर जरा सैल आहे, त्याच्या आत बोट घाला. आतल्या बाजूनं बारीक टोकं लागतील, गोल. उलट्या बाजूला लागतातच ती."

बराच वेळ नुसता कापडाचा आवाज येत होता. भाचीनं आनंदानं मूठ आवळली होती. मावशी कामाचं कौतुक ऐकायला कान देऊन बसल्या होत्या.

"लागली," बाई म्हणाली. मग, "तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"काय?"

"बुजवायला. मी बाहीचं सांगितलं होतं. फक्त बाहीचं." तिचा आवाज आता थंड राहिला नव्हता. "मी लहान असताना तापात त्यांच्या मांडीवर झोपले होते. त्यांच्या सिगारेटची ठिणगी कोटावर पडली. हललो तर ही उठेल म्हणून ते हललेच नाहीत. जळू दिलं, आणि मग चिमटीनं विझवलं. आई ही गोष्ट दर वर्षी सांगायची आणि ते दर वर्षी लाजायचे. ते गेल्यापासून मी तो कोट घेऊन बसले की बोट तिथंच जायचं. आता बोट फिरवते तर तिथं काही नाही."

मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. एवढ्या वर्षांत भोक बुजवल्याबद्दल कोणी त्यांना बोल लावला नव्हता. त्यांना लाज वाटली, अगदी कानांपर्यंत लाज वाटली.

"ते परत करता येईल का?" बाईनं विचारलं. "तुम्ही घातलेले धागे काढून? तुम्ही हो म्हणा, मी कोट आजच पाठवते आणि तक्रारही आत्ताच मागे घेते. कोट बदलला नाही हे तर कळलंच."

भाची दोन्ही हात हलवून खुणा करत होती. हो म्हण, हो म्हण. आणि हो म्हणणं अवघड नव्हतं. धागे काढायला असा कितीसा वेळ. राहिली काळी कड. ती तर कापून केराच्या टोपलीत गेली होती, पण काडी पेटवून नुसती धग दाखवली की झाली नवी काळी कड. वाटाण्याएवढंच, त्याच जागी. जी बाई रफू ओळखू शकली नाही ती भोक काय ओळखणार? मावशी आयुष्यभर न दिसणारं काम करत आल्या होत्या, हे त्यातलंच एक. ती बाई सुखानं बोट फिरवील, इकडे लिंक चालू, आणि शेठचा कागद चुलीत.

मावशींनी तोंड उघडलं आणि हो त्यांच्या तोंडून निघेना. खुर्चीतून उठल्या, खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या.

"ताई? आहात ना?"

"आहे," मावशी म्हणाल्या. "बाळ, खोटं नाही सांगत. धागे काढले तर भोक पडेल. पण जळलेली कड मी कापून टाकली. वडिलांच्या चिमटीत जी आली असेल ती तीच. आता मी पाडलं तर ते भोक माझं असेल, त्यांचं नसेल. हवं तर तसंही करून देते, पैसे नकोत. पण तुला फसवून नाही देणार. चुकलं माझं. विचारायला हवं होतं."

पलीकडे बाई रडत होती की नुसती श्वास घेत होती ते कळलं नाही. "ठेवते," एवढं म्हणून तिनं फोन बंद केला.

भाची कपाळाला हात लावून बसली. "मावशी, तुला वेड लागलंय. आता ती तक्रार कशाला मागे घेईल? हो म्हणायला काय जात होतं?"

"जात होतं काहीतरी," मावशी म्हणाल्या, आणि काय ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

काकांनी उशीखालचा कागद काढला, चष्मा लावून वाचला आणि परत होता तिथं ठेवला. "सही केलीस तरी मी काही म्हणणार नाही," ते म्हणाले, "आणि नाही केलीस तरी नाही." एरवी अशा वाक्यावर मावशींनी त्यांची चांगली फिरकी घेतली असती. आज नुसती मान हलवली.

संध्याकाळ सरता सरेना. मावशींनी दोनदा पेन हातात घेतलं. एकदा कागदावर टेकवलं आणि शाईचा ठिपका पाडून उचललं. फोन त्यांनी मुद्दाम आतल्या खोलीत ठेवला होता आणि दर पाच मिनिटांनी काहीतरी आणायला म्हणून त्या आतल्या खोलीत जात होत्या. ती बाई आता काय करत असेल, कोट मांडीवर असेल की कपाटात कोंबला असेल, हाच विचार. लिंकचा विचार मध्येच यायचा आणि त्यांना स्वतःचाच राग यायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीचाच फोन आला. ती दवाखान्यातून दबक्या आवाजात बोलत होती. "मावशी, बघितलंस का? तिनं तक्रार मागे घेतली! काल रात्रीच. खातं चालू झालं, सगळे पैसे सुटले."

"तिनं काही लिहिलंय का?"

"नाही. नुसतं, वस्तू माझीच आहे."

पैसे सुटले म्हणून मावशींना बरं वाटलं, फार बरं वाटलं, खोटं कशाला. काकांनी शेठचा कागद घडी करून हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातला. पण मावशींची घालमेल काही थांबेना. दुपारी त्यांनी भाचीला फोनवरच विचारून, अडखळत, चुकीची बटणं दाबत, त्या बाईचे पैसे तिला परत पाठवले. सगळे. कसलं काम आणि कसले पैसे, असं त्यांना झालं होतं.

संध्याकाळी त्या एका स्वेटरचा कोपरा भिंगाखाली धरून बसल्या होत्या. टिंग वाजलं. कोटवाल्या बाईनं पैसे पुन्हा पाठवले होते, आधी होते तेवढेच. पैसे कशाचे ते लिहायला लिंकमध्ये एक लहानशी जागा असते. गिऱ्हाइकं ती बहुतेक कोरी सोडतात. बाईनं तिथं लिहिलं होतं, 'बाहीचे.'

काका पेपर ठेवून जवळ आले. "काय गं, काय लिहिलंय?"

मावशींनी फोन त्यांच्या हातात दिला. "बाहीचे दिले तिनं," त्या म्हणाल्या, आणि भिंगावरचा दिवा बंद करून अंधार पडेपर्यंत तशाच बसून राहिल्या.